आवाज शून्य

कुंभकोणम्,
१४ जून २०२५

चि. मुरलीस अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला होता आणि तू मला बोलावत होतास, असं हे म्हणाले. मी मुद्दामच आले नाही. फोनवर तू अर्धा माझ्याशी बोलतोस आणि अर्धा ऑफिसशी. त्यापेक्षा पत्र लिही. अप्पांनी आपल्याला पाटीवर मराठी गिरवायला लावलं ते काय उगीच? इथे उंबरठा ओलांडला की तमिळ, आणि घरात आता आम्ही दोघंच. मराठीत लिहावं असं मला तुझ्याखेरीज कोणी उरलेलं नाही. फोटो मोबाइलवर पाठवत जा, बोलणं कागदावर.

आता कामाचं. पितळी भांड्यांचे व्यापारी चंद्रमौली मला समयांची रेखाटनं देतात, मी त्या समया कॉम्प्युटरवर उभ्या करते आणि सगळीकडून फिरवून दाखवते, हे तुला ठाऊक आहेच. परदेशातल्या गिऱ्हाइकाने पसंत केली की मगच ओतकाम होतं. एक समई फिरवायला मशीन तासन्‌तास चालतं, तापतं, आणि त्याचे पंखे बोंबलायला लागतात. माझं टेबल मधल्या हॉलमध्ये, यांच्या खाटेसमोर. फेब्रुवारीत यांचं डावं अंग गेलं तेव्हापासून हे तिथेच असतात. डॉक्टरांनी सांगितलंय, झोप हेच औषध. आणि मशीन सुरू झालं की हे उशी कानावर दाबून घेतात. तोंडाने चकार शब्द काढत नाहीत, पण उशी बघून मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. घर चालायचं तर काम थांबवता येत नाही. नवऱ्याची झोप मोडून समया घडवायच्या, हे कसलं काम!

परवा यांनीच सुचवलं, "कॉम्प्युटर पाण्याने निववतात म्हणे, मग आवाज होत नाही. मुरलीस विचार की!" तू स्वतःच्या मशीनला असं काहीतरी केलं होतंस ना? मला नीट समजावून लिही. घाई कर.

तुझी,
अक्का

---

पुणे,
२८ जून २०२५

ती. अक्कास सा. न.

पत्र वाचून गहिवरलो आणि लगेच पंपांच्या किमती बघायला बसलो. सौंदर्या म्हणते, "पहिलाच नवरा पाहिला, ज्याला बहिणीच्या पत्रातून मायेऐवजी पाण्याची टाकी दिसते." बायकोचं ऐकून घ्यावं लागतं.

तू पत्राचा हट्ट धरलास ते मात्र फार आवडलं. इथे मी सगळ्यांना सांगत सुटलोय, माझी बहीण मला कागदावर पत्र लिहिते म्हणून.

आता ऐक. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याची एक पोकळ चकती बसवायची. तिच्यातून पाणी जातं, उष्णता उचलतं आणि नळीने रेडिएटरमध्ये येतं. तिथे मोठे पंखे सावकाश फिरून त्याला निववतात. मग पाणी काचेच्या उभ्या टाकीत पडतं आणि टाकीखालचा पंप ते पुन्हा चकतीकडे ढकलतो. तू टंबलरमधून दवऱ्याच्या वाटीत आणि वाटीतून टंबलरमध्ये कॉफी ओततेस ना, तेच हे. फक्त सांडायची नाही. लहान पंखे जीव तोडून फिरतात म्हणून ओरडतात, मोठे सावकाश फिरतात म्हणून गप्प असतात. एवढंच त्यातलं गुपित.

मला तीन गोष्टी कळव. टेबलाखाली जागा किती, हॉलमध्ये दुपारी किती उकडतं, आणि आत्ताचा आवाज नेमका कसा आहे? शिट्टीसारखा, घरघर, की खरखर? त्यावरून कोणता पंखा बदलायचा ते ठरेल.

बसवायची काळजी करू नकोस. सप्टेंबरात मी स्वतः येतो आणि माझ्या हाताने सगळं जोडून देतो. भावजींना सांग, दिवाळीला ते घोरतील आणि तेवढाच काय तो घरात आवाज असेल.

तुझा,
मुरली

---

कुंभकोणम्,
१५ जुलै २०२५

चि. मुरलीस आशीर्वाद.

जागा भरपूर आहे, मापं सोबत आहेत. दुपारी हॉलमध्ये पापड वाळतील एवढं उकडतं. आवाजाचं विचारलंस. आवाज काय, आवाजासारखा आवाज आहे. हे उशी कानावर घेतात, त्यावरून समज.

मी एक उद्योग केला. तू सांगितलेलं सगळं मी आधी कॉम्प्युटरवर उभं केलं. रेडिएटर, टाकी, पंप, नळ्यांची वळणं, अस्कं सगळं. फोटो पाठवला आहे. टाकीला समईसारखी बैठक दिली आहे, हसू नकोस. नळी कुठे मुडपेल ते आधीच दिसलं, म्हणून पंप डावीकडे सरकवला. हे खाटेवरून बघत होते. पूर्वी पापनाशम्‌च्या शाळेत हे गणित शिकवायचे तेव्हा यांचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. आता ओठ हलतात तेवढेच. पण हे सगळं बघून खुशीत होते. "हे झालं म्हणजे अस्कं बरं होईल," म्हणाले. एका पंपावर यांनी एवढी आशा लावलेली बघून मला भरून आलं.

हाक मारायचे कष्ट नकोत म्हणून यांच्या उशाशी पितळी घंटा ठेवली आहे. चंद्रमौलींनीच दिली. पण हे ती वाजवतील तर शपथ. मी काम सोडून उठेन, याची यांना भारी काळजी. मीच आपली येता-जाता डोकावते.

साक्कोट्टैच्या एकादशीच्या भजनाचं तू यांना फोनवर विचारलं होतंस. अरे, मी जाणं सोडलं त्याला दोन वर्षं झाली. गुडघे. मांडी घालून बसवत नाही. टाळ आता शेजारच्या अलमेलूमामी धरतात. बरा धरतात.

एक शंका. टाकीत कावेरीचं पाणी चालेल का? यांनीच विचारायला सांगितलं आहे, मी नाही.

तुझी,
अक्का

---

पुणे,
३० ऑगस्ट २०२५

ती. अक्कास सा. न.

कावेरीमाईला नमस्कार, पण टाकीत फक्त डिस्टिल्ड वॉटर. तीर्थात क्षार असतात आणि क्षारांनी तांब्याची चकती तुंबते. भावजींना म्हणावं, पुण्य वेगळं, प्लंबिंग वेगळं.

तुझं ते चित्र मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. एक जण म्हणाला, ही बाई कुठल्या कंपनीत आहे? मी म्हटलं, कुंभकोणम्‌च्या स्वयंपाकघरात.

आता वाईट बातमी. अक्का, मला रजा मिळाली नाही. साहेब हलायलाच तयार नाहीत. म्हणून सगळं सामान या पार्सलमधून पाठवतो आहे. जिने चित्रात प्रत्येक स्क्रू दाखवला, तिला ते जोडायला माझी गरजच काय? नळ्या सरळ काप. प्रत्येक जोडात रबराची चकती नीट बसली पाहिजे. चाचणीच्या वेळी कॉम्प्युटर बंद आणि फक्त पंप चालू. जोडांखाली कोरडे कागद पसर आणि दिवसभर तसंच चालू दे. कागद ओला झाला की समज, गळती आहे.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पंप कोरडा चालता कामा नये. टाकी भर, पंप सुरू कर, पाणी नळ्यांत गेलं की टाकी उतरते, पुन्हा भर. पाण्यात हवा असली तर गुळण्या केल्यासारखा आवाज येतो, तो हळूहळू जातो. पण खडे दळल्यासारखा आवाज आला तर त्या क्षणी बंद कर. लोक यासाठी मीटर लावतात. तुला त्याची गरज नाही. अप्पांनी काय उगीच एका रागाचं नाव ठेवलं तुला? भजनात एक टाळ चुकला तरी तुझी मान वळायची. तेव्हा नजर पाण्यावर ठेव, पण भरवसा कानांवर.

पंप सुरू झाला की आवाज कसा आहे ते लगेच कळव.

तुझा,
मुरली

---

कुंभकोणम्,
२७ सप्टेंबर २०२५

चि. मुरलीस आशीर्वाद.

तू येणार नाहीस हे वाचून हे जरा हिरमुसले. मी नाही. तू आला असतास तर गप्पाच जास्त मारल्या असत्यास.

सगळं जोडून झालं. तांब्याची चकती बसवताना यांनी खाटेवरून धीर दिला. काल टाकी भरून दोन मिनिटं पंप चालवून पाहिला. आवाज शून्य. तू म्हणालास त्या गुळण्यासुद्धा नाहीत. मुरली, काय सामान पाठवलंस रे! यांना विचारलं, "कसं वाटतं?" तर हे नुसते माझ्याकडे बघत राहिले. बहुतेक विश्वास बसला नाही.

आता नवरात्र. सरस्वतीपूजेला नव्या यंत्राची पूजा करणार आणि विजयादशमीला सकाळी मुहूर्ताने पंप सुरू करून तुझी दिवसभराची चाचणी घेणार. आपल्या घरी दसऱ्याला सुरू केलेलं काम कधी अडलं नाही. काचेची टाकी अगदी कलशासारखी दिसते. तिला चुण्यांचं रेशमी वस्त्र नेसवणार, गळ्यात झेंडूची माळ आणि गंधकुंकू. घरातला पहिला जलकुंभ, ज्याला वायर आहे! अलमेलूमामींना नैवेद्याचं हरभऱ्यांचं सुंडल द्यायला बोलावलं आहे.

फोटो पाठवीन.

तुझी,
अक्का

---

कुंभकोणम्,
९ ऑक्टोबर २०२५

चि. मुरलीस आशीर्वाद.

फोटो पाठवले नाहीत. विजयादशमीच्या दिवशी हे खाटेवरून उठायला गेले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. तंजावरला ऑपरेशन झालं. काल घरी आणलं. डॉक्टर म्हणतात, जी काही पावलं टाकायला लागले होते ती आता पुन्हा पहिल्यापासून.

पंप जळाला. काय झालं कोण जाणे. आतूनच काही बिघाड असेल.

मशीन बंद आहे. घरात अगदी शांत आहे. सध्या पत्र लिहायला वेळ होणार नाही.

अक्का

---

पुणे,
१६ ऑक्टोबर २०२५

ती. अक्का,

पत्र आलं त्या दिवशी मी फोन केला. भावजींनीच उचलला. म्हणाले, "बरा आहे मी, काळजी नको." मी म्हटलं, अक्काला द्या. म्हणाले, "ती कामात आहे." तू शेजारीच होतीस, मला भांडी ठेवल्याचा आवाज आला. तू माझ्याशी बोलायला आली नाहीस. बरोबर केलंस. माझी तीच लायकी आहे.

अक्का, तो पंप नवा नव्हता. माझ्याच जुन्या मशीनमधून काढून पुसून पाठवला होता. मला वाटलं, चांगला चालतो आहे, कशाला उगीच नवा घ्या. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, "बहिणीला उष्टं पाठवलंस?"

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? रजा मला नाकारली नव्हती. मी ती मागितलीच नव्हती. अप्पा गेल्यानंतर त्या घरात यायचं म्हटलं की पाय जड होतात. त्यात भावजी खाटेवर. रस्त्याच्या टोकापासून ज्यांची हाक ऐकू यायची त्यांना कुजबुजताना ऐकायचं धैर्य माझ्यात नाही. म्हणून पार्सल पाठवलं आणि वर विनोद केले. मी तिथे असतो तर पंपाचा आवाज बदलल्याबरोबर बंद केला असता आणि तो बंद करायला भावजी उठलेच नसते. त्यांचं हाड माझ्या आळशीपणाने मोडलं.

तू रागाव, पण एक ओळ लिही.

मुरली

---

कुंभकोणम्,
२९ ऑक्टोबर २०२५

चि. मुरली,

तुझं पत्र मी देवापुढे ठेवलं आणि तिथून उचलायचा धीर झाला नाही. दिवाळी आली आणि गेली. तू तिकडे स्वतःला कोसत बसलास आणि मी इकडे गप्प. आता लिहिते. मध्येच थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

पंपात काही दोष नव्हता. जुना असो, नवा असो, चांगला होता. पंप मी मारला.

विजयादशमीला सकाळी दिवा लावला, पंप सुरू केला. टाकीचं वस्त्र आणि माळ काढली नाही. पुनर्पूजा व्हायच्या आत काढायची नाही, अशी आपली रीत. पाणी वस्त्राआड. एका जोडातून ते झिरपत होतं आणि तुझे कोरडे कागद फुलांखाली झाकले गेले होते. मी मागे स्वयंपाकघरात सुंडल परतत होते.

आधी गुळण्या झाल्या असतील. मग खडे दळले गेले असतील. मग तो पंप किंचाळायला लागला. तो आवाज दोन घरं पलीकडे अलमेलूमामींना ऐकू गेला. त्यांना वाटलं, मांजर कुठेतरी अडकलं. त्या मागच्या दाराने धावत आत आल्या, माझ्या पाठीमागून, आणि माझा खांदा धरून हलवला. तोवर मला काहीही ठाऊक नव्हतं. हॉलमध्ये जाऊन बघते तर हे जमिनीवर पडलेले, हातात घंटा.

मुरली, मला ऐकू येत नाही.

अगदीच नाही असं नाही. समोर बसून बोललं तर ओठ बघून कळतं. जाड आवाज गुणगुण म्हणून येतो. बारीक आवाज येतच नाही. घंटा येत नाही. फोनवर तर नुसती खरखर, म्हणून तुला पत्रं लिहायला लावली. अप्पांची पाटी वगैरे सगळ्या बाता होत्या. गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. भजनात माझा टाळ मागे पडायला लागला आणि बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, म्हणून मी जाणं बंद केलं. ज्या कानाचं सगळ्यांनी लहानपणापासून कौतुक केलं, तो गेला, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? तू लिहिलंस, भरवसा कानांवर ठेव. तेव्हाच तुला लिहायला हवं होतं. उलट मी लिहिलं, आवाज शून्य. तू खूश झाला असशील.

हे घंटा वाजवत नाहीत, असं मी तुला लिहिलं होतं. आता वाटतं, वाजवत असतील. रोज वाजवत असतील. तहान लागली म्हणून, कूस बदलायची म्हणून. मी समोर पाठ करून बसलेली असेन, समई फिरवत.

आणि तू पंपाचा दोष आपल्या माथी घेतलास, तेव्हा मला बरं वाटलं. एक-दोन दिवस खरंच बरं वाटलं. त्याची लाज हे पडले त्या लाजेपेक्षा मोठी आहे.

यांना यातलं काही ठाऊक नाही. यांना वाटतं, परतण्याच्या चरचरीत मला ऐकू आलं नसेल. तसंच राहू दे. तुला आपल्या विठ्ठलाची शपथ, यांना सांगू नकोस. माझ्या जिवावर आधीच पांगळेपण काढतायत, त्यात बहिरीच्या हाती पडलोय हे कळलं तर रात्रंदिवस भीतीने डोळा लागणार नाही.

अक्का

---

पुणे,
८ नोव्हेंबर २०२५

अक्का,

पत्र परत परत वाचलं. तुला रागवायला शब्द शोधत होतो, मिळाले ते सगळे मलाच लागू पडले. बहीण फोनवर यायची थांबली आणि भावाने काय केलं, तर चार लोकांत पत्रांची मिरवणूक काढली! तुझी जुनी पत्रं काढून बसलो. आवाजासारखा आवाज आहे, असं तू लिहिलंस आणि मी ते सौंदर्याला हसत हसत वाचून दाखवलं होतं. तू मला सांगितलं नाहीस हे खरं, पण मी विचारलं तरी कधी होतं? आणि तूही ऐक. त्या लाजेचं ओझं तू एकटी वाहू नकोस, अर्धं माझ्याकडे दे.

भावजींना मी काही सांगितलेलं नाही. शपथ पाळली आहे. पण त्यांना फोन केला होता. मी काही बोलायच्या आत तेच बोलले, बरंच बोलले, आणि त्यांनीही मला शपथ घातली. तुम्ही नवरा-बायकोने मिळून माझी पंचाईत केली आहे. दोन्ही शपथा पाळून मला एवढंच म्हणता येतं, की त्यांना एक प्रश्न विचार: कानावर उशी कशासाठी घेत होता? समोर बसून विचार, ओठ दिसतील असं.

रजा मागितली. साहेबांनी मान वर न करता सही केली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतो. या वेळी पंप नवा आहे, आणि पाणी कमी झालं की आपोआप बंद पडेल असा खटका त्यावर आहे. कानांची तपासणीही मी असतानाच करून घेऊ. नाही म्हणायचं नाही.

टाकीला वस्त्र नेसवायचं असेल तर खुशाल नेसव. मागून उघडं ठेव.

मुरली

---

कुंभकोणम्,
२० डिसेंबर २०२५

चि. मुरलीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोहोचलास हे तुझ्या निरोपावरून कळलं. तू होतास तेव्हा घर भरलेलं होतं. तू दाराशी उभा राहून यांचा तो बारीक आवाज ऐकलास आणि न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आलास, ते मी पाहिलं होतं. ऐकू येत नाही म्हणून दिसत नाही असं नाही.

तू असताना तो प्रश्न विचारायचा धीर झाला नाही. काल विचारला. मशीन चालू होतं, समई फिरत होती. कानामागचं ते यंत्र अजून टोचतं. भांड्याला भांडं लागलं की वीज पडल्यासारखं वाटतं. पण मोठे पंखे खरंच गप्प आहेत, तू म्हणाला होतास तसे. मी खाटेजवळ बसले आणि म्हटलं, "उशी कां घेत होतात कानावर?"

हे छताकडे बघायला लागले. मग म्हणाले, "नाटक, ते. मज कसला त्रास! शाळेत जन्म गेला माझा, मुलांच्या गोंगाटात मी झोपलो अहें." मी म्हटलं, "मग?" तर म्हणाले, "ते मशीन ओरडायचं आणि माझी हाक तुजपर्यंत यायचीच नाही. म्हटलं, ते तेवढं गप्प झालं तर येईल."

मुरली, यांना सगळं ठाऊक होतं. भजन सुटलं तेव्हापासून ठाऊक होतं. मला लाज वाटेल म्हणून बोलले नाहीत. आपल्याला ठाऊक आहे हे मला कळू न देता मला ऐकू यावं, म्हणून यांनी तो सगळा पाण्याचा खटाटोप मांडला. आणि मी काय समजत होते, तर मी यांच्या झोपेसाठी राबते आहे. त्या पहिल्या दिवशी पंप चालला तेव्हा हे नुसते बघत राहिले होते ना? त्या गुळण्या यांना ऐकू येत होत्या. मी आनंदाने "आवाज शून्य" म्हणत होते आणि यांनी ते खोडलं नाही. आता म्हणतात, "तेव्हा बोललो असतो तर पडलो नसतो. माझंच चुकलं." मी म्हणते, माझं. तू म्हणतोस, तुझं. एका हाडावर किती जणांनी हक्क सांगायचा!

मला रडू आवरेना, म्हणून उठून स्वयंपाकघरात गेले. कॉफीचं पाणी ठेवलं. मशीन चालूच होतं. आणि पाठीमागून, तिथून मधल्या हॉलमधून, आवाज आला, "रंजनी."

इतकी बारीक हाक, पण आली. मी वळले, धावत गेले, पाणी तसंच उकळत ठेवून. यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, खरं सांगा, अशा किती हाका मारल्यात आजवर?

हे हसले. म्हणाले, "ही पहिलीच."

तुझी,
अक्का